कामाच्या जागी आवाज चढला, तर काय करायचं?
गटाचं युनिट, दूध केंद्र किंवा ग्रामसंघाचं ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंसाठी



आपल्या गटांचं काम आता बचत आणि कर्जापुरतं राहिलेलं नाही. कुठे मसाला कांडप सुरू आहे, कुठे डाळ मिल, कुठे दूध संकलन, कुठे पापड-शेवया, कुठे गणवेशाची शिलाई. त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणी आता चार बायकांकडून काम करून घेतात, हजेरी लावतात, मजुरी वाटतात. दारावर पाटी नसली तरी त्या व्यवस्थापकच झाल्या.

बैठकीत हिशोबाचे, मालाचे, बँकेचे प्रश्न सगळ्यांसमोर येतात. एक प्रश्न मात्र बैठक संपल्यावर, चपला घालता घालता हळूच विचारला जातो. "मॅडम, आमच्याकडं एक जण लई अंगावर येते. काही बोलायची सोय नाही. तिला सांभाळायचं कसं?" कधी 'ती' असते, कधी गाडीवाला भाऊ असतो, कधी मशीनवाला, कधी एखाद्या सदस्याचा नवरा. हा लेख त्या प्रश्नावर आहे.

आपली अडचण कंपनीपेक्षा वेगळी का?

सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत एखादा कामगार सुपरवायझरच्या अंगावर गेला, तर तिथं एचआर विभाग असतो, नोटीस असते, चौकशी असते. संध्याकाळी गेट सुटलं की दोघं आपापल्या वाटेनं घरी जातात.

आपल्याकडं तसं नाही. आपल्या युनिटमध्ये जी कामाला आहे तीच मालकीण आहे, तीच गटाची सदस्य आहे आणि ती आपली चुलत जाऊ, शेजारीण किंवा सासूबाईंची मैत्रीणही आहे. सकाळी युनिटमध्ये भांडण झालं की संध्याकाळी तीच पाण्याच्या टाकीवर भेटते. तिला शिस्त लावायची म्हटलं की घरातून आवाज येतो, "कशाला वैर घेतेस?" त्यात व्यवस्थापक ताई वयानं लहान, गावात सून म्हणून आलेली असली, तर "कालची पोर मला शिकवती का?" हे ऐकावंच लागतं.

म्हणून बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एक तर सगळ्या गप्प बसतात, नाहीतर एक दिवस पाणी डोक्यावरून जातं आणि मोठं भांडण होऊन गट फुटतो. या दोन्हींच्या मधली वाट शोधता येते, आणि ती शिकता येते.

गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं?

"तिचं तोंड तेवढं वाईट आहे, पण कामाला वाघीण आहे," असं म्हणून आपण सोडून देतो. हिशोब इथंच चुकतो. ओरडणारी बाई काम सोडत नाही. काम सोडते ती ऐकून घेणारी. आणि ती कोण असते बघा: बहुतेक वेळा एकल, विधवा, परित्यक्ता, नव्यानं गटात आलेली, किंवा गावात जिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही अशी. म्हणजे ज्या बाईसाठी आपण हा गट उभा केला, नेमकी तीच आधी बाहेर पडते. कारण विचारलं तर सांगते, "पोरांचं बघायला कुणी नाही." खरं कारण ती सांगत नाही.

म्हणून आक्रमक वागणं हा दोन बायकांमधला खासगी मामला समजू नका. तो गटाच्या बैठकीचा विषय आहे.

आक्रमक वागणं म्हणजे नेमकं काय?

राग येणं म्हणजे आक्रमक होणं नव्हे. मजुरी दोन महिने थकली, वजनात घोळ झाला, तर बाई रागावणारच आणि तिनं रागावलंच पाहिजे. "मला माझा हिशोब दाखवा," असं मोठ्या आवाजात म्हणणं हा तिचा हक्क आहे. तो आक्रमकपणा म्हणून दाबला, तर आपणच चुकतो.

फरक असा ओळखा: राग गोष्टीवर असतो, आक्रमकपणा माणसावर असतो.

१. शब्दांचा आक्रमकपणा : शिव्या, आईबाप काढणं, जात काढणं, चारचौघींत अपमान करणं.
२. अंगाचा आक्रमकपणा : बोट नाचवत अंगावर येणं, वाट अडवणं, वस्तू फेकणं, दार आपटणं, हात उगारणं.
३. धमकी : "बाहेर भेट, मग दाखवते", "तुझ्या नवऱ्याला सांगते", "युनिटला कुलूप लावते".
४. मुका आक्रमकपणा : एकीला वाळीत टाकणं, मुद्दाम चुकीचा निरोप देणं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टोमणे टाकणं, एका बाईचं काम सतत बिघडवणं.

चौथा प्रकार दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात जास्त दिवस चालतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१९ साली कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: असं वागणं एकदाच घडलं तरी ते मोजायचं, पुन्हा पुन्हा घडायची वाट बघायची नाही. "एकदाच तर बोलली" म्हणून सोडून देण्याची आपली सवय इथं तपासून बघायला हवी.

आधी कारण शोधा

कारण समजून घेणं म्हणजे माफ करणं नाही. पण कारण कळलं नाही, तर आज मिटवलेलं भांडण पुढच्या आठवड्यात परत होतं. आपल्या कामात कारणं साधारण तीन ठिकाणी सापडतात.

पहिलं, कामातच. वजन, मोजणी, मजुरी, पाळी. कुणाला हलकं काम, कुणाला उन्हातलं. मार्च-एप्रिलमध्ये मिरचीचा हंगाम, पत्र्याखाली उकाडा, मध्येच लाईट जाते आणि ऑर्डर उद्याची. अशा वेळी कुणाचंही डोकं तापतं. आपल्या जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा आहे. दूध केंद्र चालवणाऱ्या ताईंना तर माहीतच आहे, सकाळच्या गर्दीत फॅट एका पॉइंटनं कमी लागली की अख्खा राग मशीनवर नाही, मशीनमागं बसलेल्या बाईवर निघतो.

यावर लिज्जत पापडचं उदाहरण बघा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. तिथं काम करणारी प्रत्येक बाई 'भगिनी' म्हणजे सहमालक, आणि संचालिकाही त्यांच्यातूनच पुढे येते. म्हणजे आपल्यासारखीच अडचण: सगळ्याच मालकिणी, मग ओरडायचं कुणी आणि ऐकायचं कुणी? त्यांनी काम मापावर बसवलं. भगिनी पीठ घेऊन घरी जाते, लाटलेले पापड परत आणते, ते तपासून घेतले जातात आणि त्या हिशोबानं पैसे मिळतात. माप सगळ्यांना दिसेल असं असलं की "हिला जास्त, मला कमी" या वादाला जागाच कमी राहते. आपल्याकडंही वजनकाटा सगळ्यांना दिसेल असा ठेवा. मजुरीचा दर भिंतीवर लिहा. पाळीचा तक्ता आठवडाभर आधी लावा. दूध केंद्रावर पावती हातात द्या, आणि शंका असेल तर त्याच माणसासमोर नमुना परत लावा. निम्मी भांडणं इथंच मिटतील.

दुसरं कारण, घरातलं. नवऱ्याचं पिणं, मारहाण, मुलीच्या लग्नाचं कर्ज, पोराचं आजारपण. घरात जिला तोंड उघडता येत नाही, तिचं तोंड युनिटमध्ये सुटतं. अंगात रक्त कमी, रात्री झोप नाही, पाळी जाण्याच्या वयातला त्रास, यांनीही चिडचिड वाढते. अशा बाईला आधी एकटीत विचारा.

तिसरं कारण, मान. हे कारण आपण लवकर ओळखत नाही. ज्या काकूंनी पंधरा वर्षांपूर्वी दारोदार फिरून गट जमवला, त्यांना विचारल्याशिवाय नवीन मशीन आलं, की त्या मशीनवर चिडत नाहीत, मशीन चालवणाऱ्या पोरीवर चिडतात. इथं शिस्तीपेक्षा विचारपूस जास्त काम करते.

मानाचा प्रश्न जातीशीही जोडलेला असतो, हे उघड बोलायला हवं. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावांतल्या साध्या बायकांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येक जणी दलित होत्या, कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. वेगवेगळ्या जातींच्या बायका तिथं एकत्र बसून शिकल्या. ज्या बाईला गाव दारात उभं करत नव्हतं, तिचा सल्ला पुढे गाव घेऊ लागलं. आपल्या युनिटमध्ये कुणाला बसायला वेगळी जागा, कुणाचा चहाचा कप वेगळा असेल, तर तिथला राग 'स्वभावाचा' नाही. तो आधी आपण दुरुस्त करायचा.

आग लागलेली असताना : पहिली दहा मिनिटं

माणूस भडकतो तेव्हा छातीत धडधड होते, श्वास वाढतो, हातपाय थरथरतात. शरीर भांडायच्या तयारीत असतं, त्या वेळी बुद्धी मागं पडते. शरीर परत जागेवर यायला अर्धा तासही लागू शकतो. म्हणून त्या क्षणी समजावून सांगणं, हिशोब काढणं, "चूक कुणाची" ठरवणं, यातलं काहीच करू नका. त्या वेळी एकच काम: कुणाला इजा होऊ द्यायची नाही.

• आधी मशीन बंद करा. कांडप मशीन, चक्की, शेवया मशीन चालू असताना भांडण झालं तर पदर, ओढणी, हात पट्ट्यात जायला वेळ लागत नाही. गॅसवर तेल असेल तर गॅस बंद. जवळची सुरी, कात्री, विळी हळूच बाजूला. मसाल्याच्या युनिटमध्ये मूठभर तिखटसुद्धा हत्यार होतं, हे विसरू नका.
• दोन हात अंतर ठेवा. अगदी समोर छातीला छाती लावून उभं राहू नका, थोडं तिरकं उभं राहा. तिची दाराकडची वाट अडवू नका आणि तुमचीही मोकळी ठेवा.
• आवाज तिच्यापेक्षा खाली ठेवा. ती ओरडते म्हणून तुम्ही ओरडलात, तर आता भांडणं दोन झाली.
• नावानं, नात्यानं हाक मारा. "काकू, मी ऐकतेय. तुम्ही बोला." हाताला धरू नका. रागात असलेल्या माणसाला धरलं की त्याला ते मारल्यासारखं वाटतं.
• "शांत व्हा" म्हणू नका. यानं आजपर्यंत कुणी शांत झालेलं नाही. त्यापेक्षा "मजुरी कमी लागली म्हणून तुम्हाला राग आलाय, बरोबर?" असं विचारा. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं, एवढं समजलं तरी आवाज निम्म्यावर येतो.
• बघ्यांना हलवा. गर्दी असली की कुणालाच माघार घेता येत नाही. "तुम्ही पॅकिंगकडं चला, आम्ही बोलतो," असं बाकीच्यांना सांगा. एक जबाबदार ताई मात्र जवळ थांबू द्या.
• हद्द सांगा. "तुमचं सगळं ऐकायला मी तयार आहे. पण शिवी चालणार नाही. शिवी आली तर मी इथून उठेन, आपण उद्या बोलू." आणि शिवी आलीच, तर खरंच उठा.
• मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकू नका. त्यानं आग गावभर जाते.

समोरचा माणूस पिऊन आला असेल, तर वरचं काहीच लागू नाही. दारूशी वाद घालता येत नाही. त्याला कामावर घेऊ नका, गाडीची किल्ली देऊ नका, कुणाच्या तरी सोबत घरी पाठवा. बोलणं दुसऱ्या दिवशी. एकटीच असाल आणि भीती वाटत असेल, तर काम आणि मालही सोडा, बाहेर माणसांत या आणि ११२ ला फोन करा. माल परत येतो.

दुसऱ्या दिवशीची बैठक

खरं काम दुसऱ्या दिवशी असतं, आणि तेच आपण टाळतो. "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणून चहा पितो. पण न बोललेलं भांडण मिटत नाही, साठतं.

आधी ज्या बाईला त्रास झाला तिच्याशी बोला. ती कशी आहे, तिला काय हवं आहे, ते विचारा. मग जिनं आक्रमकपणा केला तिच्याशी, एकांतात, पण तुम्ही दोघी पदाधिकारी असताना. तिचं म्हणणं पूर्ण ऐका. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नाही, हा नियम कोर्टाचा आहे आणि आपल्यालाही लागू आहे.

बोलायचं कसं? स्वभावावर बोलू नका, घडलेल्या गोष्टीवर बोला.

असं नको : "काकू, तुमचा स्वभावच तापट आहे. सगळ्या तुम्हाला घाबरतात."

असं बोला : "काकू, काल दुपारी तुम्ही पॅकिंगच्या टेबलावरची पाकिटं खाली फेकली आणि नवीन ताईला 'तुझ्या बापाचं युनिट आहे का' असं म्हणालात. ती आज कामावर आली नाही. पन्नास पाकिटं फुटली. तुमचा मुद्दा काय होता?"

मग थांबा आणि ऐका. कदाचित काकू म्हणतील, "तीन दिवस झाले, मला एकटीलाच मिरच्या निवडायला बसवतात. रात्रभर हात जळतात."

"हे तुम्ही सांगितलं ते बरं झालं. मिरचीची पाळी उद्यापासून बदलते, तक्ता मी आज लावते. हातमोजेही आणू. ही माझी बाजू. आता तुमची: पुढच्या वेळी राग आला तर माझ्याकडं या, पोरीवर जाऊ नका. आणि काल जे बोललात, ते तिच्याशी तुम्ही कसं मिटवणार?"

बघा, यात चार गोष्टी झाल्या: काय घडलं ते सांगितलं, त्याचा परिणाम सांगितला, ऐकून घेतलं, आणि पुढे काय ते ठरवलं. काकूंचा मुद्दा खरा होता तो मान्य केला, पण वागणं मान्य केलं नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आणि "माफी माग" म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नका. जबरदस्तीची माफी म्हणजे पुढच्या भांडणाचं बी.

लिहून ठेवा

आपण बचतीचा रुपया लिहितो, कर्जाचं व्याज लिहितो. भांडण मात्र लिहीत नाही, आणि मग सहा महिन्यांनी "मी असं बोललेच नव्हते" सुरू होतं. युनिटमध्ये एक वेगळी वही ठेवा. ती व्यवस्थापक किंवा सचिव ताईंच्या ताब्यात, कुलपात असावी, चारचौघींत वाचायला नसावी. त्यात एवढंच लिहा:

• तारीख, वेळ, जागा
• काय घडलं. शब्द जसे बोलले गेले तसेच. "उद्धट बोलली" असं नको.
• कोण हजर होतं
• कुणाला लागलं का, काय नुकसान झालं
• त्या वेळी काय केलं
• नंतर काय ठरलं, पुन्हा कधी बघायचं
• सह्या किंवा अंगठे

पंधरा दिवसांनी वही उघडून बघा. ठरलेलं झालं का? काकू आता बऱ्या बोलत असतील, तर तेही त्यांना सांगा. चूक सांगायला आपण जातो, सुधारणा सांगायला विसरतो.

नियम आधी, भांडण नंतर

नियम भांडणाच्या दिवशी केला, तर तो एका बाईविरुद्ध केल्यासारखा दिसतो. शांत असताना, मासिक बैठकीत, सगळ्यांच्या सहीनं ठराव करा. पायऱ्या साध्या ठेवा.

पहिल्या वेळी : तोंडी समज आणि वहीत नोंद.
दुसऱ्या वेळी : लेखी समज, दोन पदाधिकाऱ्यांसमोर बोलणं.
तिसऱ्या वेळी : बैठकीत ठरवून काही दिवस कामापासून थांबवणं.
त्यानंतर : तिचं म्हणणं ऐकून, बहुमतानं, लेखी कारण देऊन कामातून कमी करणं.

मारहाण, हत्यार, जीवे मारण्याची धमकी, लैंगिक छळ यांना पायऱ्या नाहीत. तिथं थेट काम थांबवायचं आणि कायद्याकडं जायचं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. केलेल्या कामाची मजुरी शिक्षा म्हणून अडवू नका. शिस्त वेगळी, मजुरी वेगळी. आणि कामातून कमी केलं म्हणजे गटातून काढलं असं होत नाही. तिची बचत, तिचं कर्ज, तिचं सदस्यत्व यांना गटाचे वेगळे नियम आहेत. दोन्ही एकत्र केलं की भांडण ग्रामसंघापर्यंत जातं.

आणि नियम सगळ्यांना सारखा. अध्यक्षांची जाऊ असो की सरपंचांची वहिनी. नियम एकदा वाकला की परत सरळ होत नाही.

कधी 'घरातला मामला' म्हणायचं नाही?

काही गोष्टी आपण मिटवायच्या नसतात. त्या मिटवल्या, तर अन्याय आपल्या हातून होतो.

मारहाण, धमकी, शिवीगाळ : १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात इजा करणं (कलम ११५), धमकावणं (कलम ३५१), भांडण पेटावं म्हणून अपमान करणं (कलम ३५२) आणि बाईच्या विनयाचा अपमान होईल असे शब्द किंवा हावभाव (कलम ७९) हे गुन्हे आहेत. पोलीस कधी गुन्हा नोंदवतात, कधी अदखलपात्र म्हणजे 'एनसी' नोंद करतात. काहीही झालं तरी नोंदीची नक्कल मागून घ्या. एफआयआरची नक्कल मोफत मिळते. तुमची वही इथं उपयोगाला येते.

लैंगिक छळ : गाडीवाला, व्यापारी, मशीन दुरुस्तीला येणारा किंवा कुणीही अश्लील बोलला, नको तिथं हात लावला, फोनवर घाण मेसेज पाठवले, तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर अंतर्गत समिती बसवणं बंधनकारक आहे. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाही इतक्या सदस्य बाया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल, तर लिहून देण्यासाठी मदत करणं समितीचं काम आहे.

हा कायदा आला कुठून, ते प्रत्येक सीआरपी आणि सहयोगिनी ताईला माहीत पाहिजे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी या आपल्यासारख्याच गावपातळीवर काम करणाऱ्या 'साथिन'. १९९२ मध्ये बालविवाह थांबवण्याचं काम केलं, म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. काम करताना ही वेळ आली, तर बाईचं संरक्षण कुणी करायचं, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला 'विशाखा' निकाल आला आणि त्यातूनच २०१३ चा कायदा झाला. शहरातल्या ऑफिसांत जो कायदा आज भिंतीवर लावलेला दिसतो, त्याचं मूळ एका गावातल्या बाईच्या लढ्यात आहे.

जातीवरून अपमान : अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला किंवा भावाला चारचौघांत जात काढून बोललं, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. अशा वेळी तक्रार करायची की नाही, हे त्या व्यक्तीनं ठरवायचं. "गटाचं नाव जाईल" म्हणून तिच्यावर तडजोडीचा दबाव आणू नका.

घरच्या छळानं पिचलेली बाई : तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाईन आहे आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. मन फार अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल, जीव द्यावा असं बोलत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं. फोन लावून तिच्या हातात द्या. नुसता नंबर दिला तर ती लावत नाही.

आणि आवाज आपलाच चढत असेल तर?

हाही प्रश्न विचारायला हवा. हातात हजेरीवही आली की आवाज बदलतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्या टोनमध्ये मुकादम टोळीवर ओरडतो, तोच टोन नकळत आपल्या तोंडी येतो. "तुमच्यानं काही होत नाही," "उद्यापासून येऊ नका" ही वाक्यं व्यवस्थापकाच्या तोंडातून आली, तरी ती आक्रमकपणाच आहेत. फरक इतकाच की तिच्याविरुद्ध बोलायची कुणाची हिंमत होत नाही. म्हणून ठरावात लिहा: तक्रार व्यवस्थापकाबद्दल असेल, तर ती थेट ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडं द्यायची.

सांभाळणाऱ्या बाईलाही कुणीतरी सांभाळावं लागतं. शिव्या ऐकून घरी गेलेल्या व्यवस्थापक ताईला संध्याकाळी एक फोन करा. वसुलीला किंवा वादाच्या घरी जायचं असेल, तर एकीला एकटीला पाठवू नका, दोघी जा.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा

१. विषयपत्रिकेत एक विषय घाला: 'कामाच्या जागी वागण्याचे नियम'. हा लेख मोठ्यानं वाचा.
२. पायऱ्यांचा ठराव करा, सगळ्यांच्या सह्या घ्या.
३. नोंदवही सुरू करा, ती कुणाकडं राहील ते ठरवा.
४. मजुरीचा दर आणि पाळीचा तक्ता भिंतीवर लावा.
५. ११२, १८१ आणि १४४१६ हे नंबर मोठ्या अक्षरात दाराजवळ लिहा.
६. मागच्या वर्षभरात काम सोडून गेलेल्या बायकांची यादी काढा. दोघी जणी त्यांच्या घरी जा आणि खरं कारण विचारा. त्यातली एक जरी "ओरडण्यामुळं सोडलं" म्हणाली, तर तिला परत कसं आणायचं, हा पुढच्या बैठकीचा पहिला विषय.

ठराव झाला की त्याची एक प्रत प्रभागसंघाच्या ऑफिसला द्या. अडलं तर तुमच्या सीआरपी किंवा सहयोगिनी ताईंना सांगा, बैठकीला आम्ही येऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक